कुत्र्याचें ताट आणि कुत्र्याचें पोट

पूर्वीं आपल्या घरांत कुत्र्याचें जेवण हा विचाराचा विषयच नव्हता. माणसांचीं पानें उठलीं, उरलेला ताकभात किंवा शिळ्या भाकरीचा तुकडा मागील दारच्या दगडावर पडला, कीं त्याचें जेवण झालें. वैश्वदेवाच्या बलिहरणांतही श्वानाचा वांटा सांगितलेला आहे; त्यामुळें कुत्र्याला घांस घालणें हें पुण्य, एवढें सर्वांस ठाऊक होतें. किती घालावें, केव्हां घालावें, हें विचारण्याचें कारण पडत नसे. तें कुत्रें गांवठी, मध्यम बांध्याचें, आळींतील चार दारें हिंडून चार ठिकाणीं चार घांस खाणारें. थोडें थोडें आणि वेळोवेळीं खाण्याचा नियम कोणी न शिकवितांच त्याच्या अंगवळणी पडलेला असे.

आतां काळ पालटला आहे. शिकल्यासवरल्या कुटुंबांतून, दोनतीन खोल्यांच्या जागेंतसुद्धां, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, अल्सेशियन, डॉबरमन अशीं विलायती थोराड कुत्रीं दिसूं लागलीं आहेत. घरचीं माणसें सकाळीं कामाला जातात, संध्याकाळीं परततात, आणि दिवसांतून एकदांच, परंतु पातेलेंभर, जेवण त्याच्यापुढें ठेवतात. प्रेम पुष्कळ असतें, पैसाही कमी नसतो; परंतु ज्या एका विकारानें अशीं कुत्रीं कांहीं तासांत दगावतात, त्याचें नांवही अनेकांस ठाऊक नसतें. मलाही नव्हतें. तें मला कसें कळलें, तें प्रथम सांगतों. कारण तें सांगितल्यावांचून पुढील उपदेश करण्याचा मला अधिकार नाहीं.

आमच्या शेजारीं एक स्नेही राहतात. त्यांच्याकडे ग्रेट डेन जातीचा एक कुत्रा होता. त्याचें नांव भीम. मी त्याला थट्टेनें वृकोदर म्हणत असें. महाभारतांत भीमसेनाला हें नांव जागोजाग दिलेलें आहे. त्याचा अर्थ, लांडग्यासारखें पोट असलेला. कुत्रा हा तर लांडग्याचाच भाऊबंद. तेव्हां नांव दुहेरी शोभत असे. त्याचें जेवण पाहावयास आळींतील मुलें जमत. मोठें पातेलें दोन मिनिटांत साफ होई आणि मुलें टाळ्या वाजवीत. त्या कौतुकांत मीही सामील असें.

एके दिवशीं घरचीं सर्व माणसें लग्नाला गेलीं होतीं. परत यावयास रात्रीचे आठ वाजले. भीम सकाळपासून उपाशी. वहिनींना वाईट वाटलें आणि त्यांनीं नेहमींपेक्षां अधिक भात, दूध आणि वर विकतचें कोरडें खाद्य असें भरपूर वाढलें. त्यानें तें अधाशासारखें गिळलें आणि वर पुष्कळ पाणी प्याला. दहाच्या सुमारास तो अस्वस्थ झाला. एका जागीं बसेना. ओकारीसाठीं मान खालीं घाली, पोट आंत ओढी. परंतु तोंडांतून पांढऱ्या फेंसावांचून कांहीं पडेना. स्नेह्यांनीं मला हांक मारली. घरगुती औषधांची मला थोडीफार माहिती आहे असा आळींत माझा लौकिक. मीं त्याच्या पोटावरून हात फिरविला आणि म्हणालों, "अजीर्ण आहे. ओंवा आणि हिंग कढवून पाजा. सकाळपर्यंत उतरेल."

स्नेह्यांनीं त्या वेळीं मोटारीची किल्ली हातांत घेतलेली होती. ती माझ्या शब्दावर परत खुंटीला लागली.

रात्रीं एकच्या सुमारास भीमाचें पोट नगाऱ्यासारखें ताणलें, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि मागचे पाय लटपटूं लागले. मग धांवाधांव करून त्याला पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं सुई घालून वायु काढला, शिरेंतून सलाइन सोडलें, क्ष-किरणांचें चित्र घेतलें आणि लगेच शस्त्रक्रिया केली. परंतु जठराचा बराच भाग काळा पडलेला होता. पहांटे भीम गेला. डॉक्टरांनीं कोणास दोष दिला नाहीं, ते इतकेंच म्हणाले, "दहा वाजतां आणला असता, तर कांहीं करतां आलें असतें." परत येतांना स्नेही मला म्हणाले, "मास्तर, मनाला लावून घेऊं नका. तुम्हांला तरी काय ठाऊक होतें!" त्यांचें म्हणणें खरें होतें. मला ठाऊक नव्हतें. परंतु ठाऊक असल्यासारखा मी बोललों होतों. त्यानंतर या विषयावर जें मिळालें तें वाचलें, जाणत्या पशुवैद्यांना विचारलें, आणि त्यांतील सार आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

या विकाराला पशुवैद्य ब्लोट म्हणतात. आपल्या वैद्यकांत पोट फुगण्याला आध्मान असा शब्द आहे, तो येथें चालेल. या विकाराच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला जठर वायूनें फुगतें. हा वायु कांहीं अंशीं खातांना गिळलेल्या हवेचा आणि कांहीं अंशीं आंत अन्न आंबून झालेला असतो. दुसऱ्या पायरीला तें फुगलेलें जठर आपल्या जागीं फिरतें आणि त्याला पीळ पडतो. पिठाच्या पिशवीचें तोंड धरून पिशवी गरकन् फिरविली म्हणजे जसें तें आवळतें, तशी ही गोष्ट आहे. भेद इतकाच, कीं जठराला तोंडें दोन आहेत, एक अन्ननलिकेकडील आणि एक आंतड्याकडील. पीळ पडला कीं दोन्ही वाटा बंद होतात. ढेकर येत नाहीं, ओकारी होत नाहीं, खालीं कांहीं सरकत नाहीं. म्हणूनच कुत्रा ओकण्याचा नुसता प्रयत्न करीत राहतो. माझा ओंवा तरी कोठें जाणार होता?

खरा घात याच्या पुढें होतो. फुगलेलें जठर पोटांतील मोठ्या शिरेवर दाब आणतें. शरीराच्या मागील भागांतील रक्त या शिरेंतून हृदयाकडे परत जात असतें. तें परत जाईनासें झालें, कीं हृदयाला पुढें ढकलावयास रक्तच पुरत नाहीं. रक्तदाब उतरतो आणि सर्व इंद्रियांचें पोषण तुटतें. जठराच्या भिंतीला रक्त मिळत नाहीं, त्यामुळें ती मरूं लागते. प्लीहा जठराला जोडलेली असल्यानें तीही ओढली जाते. हृदयाचे ठोके अनियमित पडूं लागतात. हें सर्व कांहीं तासांचें काम. उपाय झाला नाहीं तर पीळ पडलेलें कुत्रें वांचत नाहीं. वेळेवर शस्त्रक्रिया झाली, तर पुष्कळ कुत्रीं वांचतात. येथें पैशापेक्षां घड्याळ महत्त्वाचें आहे.

हा विकार कोणत्या कुत्र्यांना होतो? ज्यांची छाती खोल आणि अरुंद आहे, त्यांना विशेष. अशा छातीच्या पिंजऱ्याखालीं जठराला झोंके घेण्यास जागा सांपडते. ग्रेट डेनचा क्रमांक यांत सर्वांत वर लागतो. अमेरिकेंत इंडियाना प्रांतीं पर्ड्यू विद्यापीठ आहे. तेथील प्राध्यापक लॉरेन्स ग्लिकमन आणि त्यांचे सहकारी यांनीं या विकाराचा अनेक वर्षें पाठपुरावा केला. त्यांच्या २००३ सालच्या गणिताप्रमाणें ग्रेट डेनला आयुष्यांत केव्हां तरी हा विकार होण्याचा संभव शेंकडा सुमारें ३७ इतका येतो. रॉटवायलरला तोच शेंकडा सुमारें ४. दोन्ही कुत्रीं मोठींच, परंतु अंतर केवढें! सेंट बर्नार्ड, वायमरानर, आयरिश सेटर, अल्सेशियन यांनाही हा धोका आहे. आपल्या दख्खनचा कारवानी कुत्रा विलायती नव्हे, तरी त्याची छाती खोल आणि कंबर बारीक आहे. त्याच्या मालकानेंही हीं लक्षणें ठाऊक ठेवावींत. वय वाढतें तसा धोका वाढतो. आईबाप किंवा सख्खीं भावंडें यांपैकीं कोणाला हा विकार झालेला असेल, तरीही वाढतो. तेव्हां पिल्लू आणतांना वंशावळीचे कागद पाहण्याबरोबर हा एक प्रश्न विचारण्यास विसरूं नये.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे जेवण. पर्ड्यू येथील मंडळींनीं १९९७ सालीं आजारी आणि निरोगी कुत्र्यांची तुलना करून पाहिली. त्यांत असें दिसलें, कीं दिवसांतून एकदांच जेवणारीं, भराभर खाणारीं, अंगानें रोड आणि स्वभावानें भित्रीं अशीं कुत्रीं या विकाराला अधिक बळी पडतात. आणि आनंदी स्वभावाचीं, तसेंच कोरड्या खाद्याबरोबर घरच्या ताटांतील अन्नही ज्यांना मिळतें अशीं, कमी. पुढें २००० सालीं अकरा जातींच्या १,६३७ कुत्र्यांवर लक्ष ठेवून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तींतही भराभर खाण्याचा दोष पुन्हां ठळकपणें पुढें आला. २००४ सालच्या लेखांत असें आढळतें, कीं एका वेळीं पोटांत जाणाऱ्या अन्नाचा आकार जितका मोठा, तितका धोका अधिक; आणि तो मोठा आकार दिवसांतून एकदांच जात असेल, तर सर्वांत अधिक. वहिनींनीं त्या रात्रीं मायेनें जें केलें, त्यांत यांतील तीन कारणें एकत्र आलीं होतीं.

यावरून घरांत काय करावें, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, दिवसाचें अन्न एकदम देऊं नये. त्याचे दोन भाग करावेत, तीन केले तर उत्तम. चरकानें माणसाच्या पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि तिसरा वात, पित्त, कफ यांच्या संचाराला मोकळा ठेवण्यास सांगितलें आहे. तो नियम माणसाकरितां आहे. परंतु पोट तडस लागेपर्यंत भरूं नये हें त्यांतील तत्त्व भीमासारख्या प्राण्यालाही लागू पडतें. कामावर जाणाऱ्या मंडळींनीं सकाळीं निघण्यापूर्वीं थोडा वेळ आधीं एक भाग आणि परत आल्यावर घर शांत झालें म्हणजे दुसरा, एवढें तरी करावें. एखादे दिवशीं वेळ चुकली, तर चुकलेल्या जेवणाची भरपाई पुढच्या जेवणांत करूं नये. उपाशी राहिला म्हणून दुप्पट, हा हिशेब येथें घातक आहे.

दुसरी गोष्ट, खाण्याचा वेग. चाणक्यनीतींत श्वानापासून शिकण्यासारखे सहा गुण सांगितले आहेत. त्यांतील पहिला, मिळेल तेव्हां पुष्कळ खाणें. आणि दुसरा, थोडक्यांत संतुष्ट असणें. हा श्लोक मीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला. परंतु त्यांतील पहिला गुण कुत्र्याच्या जिवावर येऊं शकतो, हें कधीं ध्यानांत आलें नाहीं. पहिला गुण आपल्याला बदलतां येत नाहीं. दुसरा मात्र त्याच्या ठिकाणीं आहेच, त्याचा उपयोग करावा. अन्न खोल पातेल्यांत न देतां पसरट परातींत पातळ थरानें पसरावें. परातीच्या मध्यें एक मोठा, गुळगुळीत, स्वच्छ धुतलेला गोटा ठेवावा. तो इतका मोठा असावा, कीं तोंडांत धरतां येऊं नये. गोट्याभोंवतालचें अन्न वेंचून खातांना वेग आपोआप मंदावतो. आंत उंचवटे असलेलीं भांडीं याच कामासाठीं बाजारांत मिळतात. घरांत दोन कुत्रीं असतील, तर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत जेवूं घालावें. शेजारीं दुसरें तोंड असलें, कीं कोणतेंही कुत्रें घाई करतें. आणि त्याच्या जेवणाची मुलांनीं चेष्टा किंवा कौतुक करूं नये. टाळ्या तर मुळींच नकोत.

तिसरी गोष्ट, काय द्यावें. केवळ कोरड्या खाद्यावर न ठेवतां त्यांत थोडें घरचें अन्न मिसळावें, असें वरील पाहणीवरून सुचतें. मऊ भात, शिजविलेला भोपळा किंवा गाजर, चालत असेल त्या घरीं उकडलेलें अंडें किंवा मांस, हें ठीक आहे. परंतु आपल्या ताटांतील सर्वच त्याला चालतें असें नाहीं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. द्राक्षें, मनुका, बेदाणे मूत्रपिंडाला अपाय करतात. चॉकलेट विषासमान आहे. फोडणीचें वरण आणि प्रसादाचा मनुका घातलेला शिरा त्याच्यापुढें ठेवण्यापूर्वीं हें आठवावें. पावाची यीस्ट घातलेली कच्ची कणीक तर त्याच्या तोंडाशीं येऊंच नये. ती पोटाच्या उबेनें फुगते. विकतच्या कोरड्या खाद्यावर घटकांची यादी छापलेली असते. पहिल्या चार घटकांत तेल किंवा चरबी असेल, तर या विकाराचा संभव दुपटीहून अधिक वाढतो, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत आढळलें. पिशवी घेण्यापूर्वीं ती यादी वाचण्यास चष्मा लावावा लागला, तरी लावावा.

कांहीं समजुतींविषयींही लिहिलें पाहिजे. उंच कुत्र्याला मान वांकवावी लागूं नये म्हणून त्याचें भांडें तिवईवर ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे, आणि तिनें हा विकार टळतो असेंही सांगितलें जाई. २००० सालच्या पाहणींत याच्या उलट दिसलें. मोठ्या जातींत शेंकडा सुमारें २० आणि महाकाय जातींत शेंकडा सुमारें ५२ प्रसंगांचा संबंध या उंच भांड्याशीं लावतां आला. यावर तज्ज्ञांत पुढें मतभेद झाले आहेत. तथापि पशुवैद्यांनीं दुसऱ्या कांहीं रोगासाठीं सांगितलें नसेल, तर भांडें जमिनीवरच बरें. जेवणानंतर लगेच धांवडविणें किंवा खेळविणें नको, हा नियम बहुतेक सर्व जण सांगतात. त्या पाहणींत त्याचा निश्चित लाभ दिसून आला नाहीं. परंतु तासभर विश्रांति दिल्यानें कांहीं बिघडत नाहीं, म्हणून मी तो पाळण्यास सांगतों. मात्र त्यावर विसंबून परातीकडे दुर्लक्ष होऊं नये. पाणी तोडण्याची चाल तर वाईटच. वैशाखांत कुत्र्याला तहानलेलें ठेवलें, म्हणजे मिळेल तेव्हां तें घटाघटा पिणार. पाणी दिवसभर समोर असावें, म्हणजे हांवच राहत नाहीं.

आतां लक्षणें. हा परिच्छेद घरांतील प्रत्येकानें, मुलांनींसुद्धां, वाचून ठेवावा. कुत्रा वारंवार ओकण्याचा प्रयत्न करतो आणि फेंसावांचून कांहीं पडत नाहीं, हें सर्वांत बोलकें लक्षण. त्याबरोबर तो अस्वस्थ होतो, येरझाऱ्या घालतो, मागें वळून आपल्या कुशीकडे पाहतो, लाळ गाळतो. बरगड्यांमागें पोट फुगतें आणि बोटानें वाजविलें तर पोकळ वाजतें. परंतु खोल छातीच्या कुत्र्यांत फुगलेलें जठर पुष्कळ वेळ बरगड्यांच्या आड दडलेलें असतें, म्हणून पोट फुगलेलें दिसत नाहीं एवढ्यावरून निर्धास्त राहूं नये. त्या रात्रीं दहा वाजतां माझ्या हाताला कांहीं लागलें नाहीं, त्याचें कारण हेंच. पुढें हिरड्यांचा गुलाबी रंग जाऊन त्या फिकट पडतात, श्वास आणि नाडी जलद होते, पाय लटपटतात.

अशा वेळीं घरीं कोणतेंही औषध पाजूं नये. तें आंत उतरत नाहीं, उलट श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. ओकारी करविण्याचा यत्न करूं नये, पोट चोळूं नये, सुईचा प्रयोग आपण करूं नये. पशुवैद्यांना दूरध्वनि करून "मोठा कुत्रा आहे, ओकारी येत नाहीं, पोट फुगलें असावें" एवढें सांगावें आणि निघावें. म्हणजे आपण पोंचेपर्यंत त्यांची तयारी होते. रात्रीं शस्त्रक्रिया कोठें होऊं शकते, याची चौकशी मात्र संकट येण्यापूर्वींच केलेली असावी. मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. तरी पशुवैद्य म्हणजे गाईम्हशींचा डॉक्टर, आणि तोही सकाळीं भेटणारा, ही आपली समजूत अजून पुरती गेलेली नाहीं.

शेवटीं एका उपायाचा उल्लेख करतों. जठर पोटाच्या उजव्या बाजूच्या भिंतीला टांके घालून कायमचें जोडतां येतें. मग तें फुगलें तरी सहसा फिरत नाहीं, आणि जिवावरचें संकट टळतें. एकदां पीळ पडून वांचलेल्या कुत्र्याला तर हें केलेंच पाहिजे. न केल्यास अर्ध्याहून अधिक कुत्र्यांत तो पुन्हां पडतो. ग्रेट डेनसारख्या जातींत, नसबंदीच्या किंवा गर्भाशय काढण्याच्या वेळींच हें काम उरकून घेण्याचा सल्ला पुष्कळ पशुवैद्य देतात. भूल एकदांच द्यावी लागते आणि खर्चही वांचतो. निर्णय आपापल्या डॉक्टरांच्या विचारानें घ्यावा. परंतु असा उपाय आहे, हें मालकाला ठाऊक तरी असावें.

स्नेह्यांच्या घरीं गेल्या वर्षीं त्याच जातीचें पिल्लू आलें. आतां तो चांगला कमरेइतका उंच झाला आहे. सकाळीं, दुपारीं आणि संध्याकाळीं त्याला परातींत वाढतात. परातींतील गोटा मीं नदीवरून आणून दिलेला आहे, आणि वहिनी तो रोज घांसून ठेवतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारीं रात्रीं भेटणाऱ्या पशुवैद्यांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. तोही माझ्याच हातचा. त्याच्या नांवाविषयीं मला विचारण्यांत आलें, तेव्हां मीं वृकोदर सोडून दुसरें कोणतेंही ठेवा म्हणून सांगितलें.

पुन्हां कोणी रात्रीं दहा वाजतां मला हांक मारलीच, तर मी पोटावरून हात फिरविणार नाहीं. मोटारीची किल्ली कोठें आहे, एवढेंच विचारीन.